कोरडं बेअरिंग

१२ फेब्रुवारी

पत्रा फाटला. सकाळीच, पहिल्याच पोत्याला. कुणाच्या तरी शेतातला खडा कसाव्याच्या कंदांबरोबर आत गेला आणि किसणीच्या ड्रमवरचा पत्रा हातभर उसवला. मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. सोलायला बसलेल्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला — मालकिणीने तेवढं करायचं असतं.

आत मात्र म्हणत होते, बरं झालं!

पुलापलीकडे निरोप पाठवला. दुपारी मिस्त्री आले. मोटरसायकल सावलीत लावली, बाह्या दुमडल्या, गोणपाट अंथरून त्यावर हत्यारं मांडली. मोठी, मधली, लहान. जुना पत्रा काढला, नवा कापला आणि खिळ्याने त्यात भोकं पाडत बसले. एकेक भोक, सारख्या अंतरावर. किसणीची सगळी धार त्या भोकांच्या उलट्या कडांत असते. कशीतरी पाडली तर कंद किसला जात नाही, नुसता चेपतो. मी शेजारी उभी राहून खिळे देत होते. द्यायची काही गरज नव्हती, खिळे त्यांच्या हाताशीच होते.

बोलले असे फारसे नाहीत. पाणी मागितलं. हल्ली पत्रा पातळ मिळतो म्हणाले. जाताना म्हणाले, "येतो, बाई."

जाताना सगळेच 'येतो' म्हणतात. कळतं मला.

१३ फेब्रुवारी

मशीन दिवसभर चांगलं चाललं. एकदाही थांबलं नाही.

१७ फेब्रुवारी

इंजिन चालू असलं की शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. बायका खुणांनी बोलतात. आणखी आण. बास. ती बघ कशी फुगून बसलीय. सगळ्याला खुणा आहेत. एक खूण मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं: मूठ वळायची आणि पाना फिरवल्यासारखी फिरवायची. म्हणजे मिस्त्री. ती केली की सगळ्या हसतात आणि कुणीही माझ्याकडे बघत नाही. तेवढ्यावरूनच कळतं.

बाबांनी हे मशीन आणलं त्याआधी बायका हाताने किसायच्या. आईच्या बोटांची पेरं अजून व्रणांनी पांढरी आहेत. भाऊ लहान होता, म्हणून बाबांच्या मदतीला मी. मग बाबा गेले आणि मशीन राहिलं. लग्नाचं वय त्या आवाजात निघून गेलं. कुणी हाक मारली असेल तर ऐकू आली नाही.

तक्रार नाही. लिहून ठेवते इतकंच.

कसाव्याचं एक बरं असतं. जमिनीत असेपर्यंत तो थांबतो. आज नको, पुढच्या महिन्यात खणू. नको, पुढच्या हंगामात. काही बिघडत नाही, जरा दोरकट होतो. पण एकदा बाहेर काढला की त्याला धीर नाही. दोन दिवसांत आतून निळ्या रेघा पडतात, मग फेकायचा. म्हणून इथे कुणी आधी खणत नाही. आधी मला विचारायला येतात, मशीन मोकळं कधी? मी दिवस देते. त्याच्या आदल्या दिवशी कुदळ लागते. सोलून, किसून, पोत्यात भरून दाबाखाली ठेवला की कडू पाणी निथळतं. ते सावकाश निथळू द्यावं लागतं, त्यातच विष असतं. मग चाळायचा, मग कढईत भाजायचा. झाला रवा. असा रवा वर्षभर टिकतो.

टिकणं आणि थांबणं यांत फरक आहे. आज पोत्यांतलं पाणी निथळताना बघत बसले होते तेव्हा हे सुचलं. पुढे काही सुचलं नाही.

२१ फेब्रुवारी

आईला कमी ऐकू येतं. इतकी वर्षं मशीनशेजारी बसून सोलते आहे. त्यामुळे ती ओरडून बोलते आणि तिला वाटतं आपण कुजबुजतोय. आज डिझेल भरायला इंजिन थांबवलं, तेवढ्यात आईची कुजबूज झाली: "तो मिस्त्री बरा माणूस आहे गं! बायको जाऊन किती वर्षं झाली त्याची?"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

भावजय भट्टीवर रवा भाजत होती. धुरात तोंड घालून हसली. म्हणाली, "वन्सं, आता काहीतरी मोडा. पाहुण्यांना बोलवायला कारण हवं."

तुझं डोकं मोडते, म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. इंजिन लवकर चालू केलं.

२६ फेब्रुवारी

बेअरिंगला ग्रीस लावायचा दिवस. लावलं नाही.

विसरले असं लिहिणार होते. पण हे वाचणार कोण? विसरले नाही. लावलं नाही.

५ मार्च

मशीन किरकिरायला लागलं. निरोप पाठवला.

मिस्त्रींनी इंजिन बंद करू दिलं नाही. पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच वाकून उभे. इतकं मन लावून कुणाचं काही ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही. मग स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला आणि कानाकडे बोट दाखवलं. मीही ऐकलं. आत कुणीतरी वाळू चावत होतं.

इंजिन बंद झाल्यावर म्हणाले, कोरडं आहे. ग्रीस संपलं का?

हो, म्हटलं.

डबा माझ्या मागेच होता, फळीवर. अर्ध्याहून जास्त भरलेला. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मोटरसायकलच्या खोक्यातलं स्वतःचं ग्रीस आणून लावलं. हात पुसताना म्हणाले, मशीन आधी कुरकुरतं, बाई. मग एकदम बसतं. कुरकुरतंय तोवर बरं.

खोटं बोलायचं तर निदान डबा तरी लपवायचा!

६ मार्च

स्क्रूड्रायव्हरची मूठ गरम होती. त्यांच्या कानाने.

१२ मार्च

पुलापलीकडे स्टार्चचा कारखाना निघतोय. तिथले साहेब आज शेडमध्ये येऊन गेले. बुटांवर धूळ, हातात वही, माणूस सरळ. बायकांमध्ये पोत्यावरच बसले. म्हणाले, आता सोलायला नको, किसायला नको, हा धूर नको. ट्रक येईल, कंद भरले की तुम्ही मोकळ्या. त्याचा कागद होईल, कापडाची खळ होईल, औषधाच्या गोळ्या होतील. तुम्ही ज्याचा नुसता रवा करता, त्याच कंदावर कुठे कुठे आख्ख्या बंदरांचा व्यापार चालतो.

इथे एक आहे, तिला सगळे घाई म्हणतात. चालते घाईत, बोलते घाईत, जेवतेही घाईत. ती म्हणाली, "साहेब, आणि आम्ही काय कागद चघळायचा?"

सगळ्या हसल्या, साहेबही हसले. म्हणाले, हातात पैसा आला की खायला काहीही घेता येतं. तेही खरंच आहे. भावजय हसली नाही. तिचे डोळे धुराने बारा महिने लाल असतात. नंतर मला म्हणाली, वन्सं, माणूस वाईट काही बोलला नाही.

नाहीच बोलला.

उठताना त्यांनी विचारलं, मशीनचं काम जाणणारं इथे कोण आहे? इंजिन तेवढ्यात पुन्हा चालू केलं होतं. चार-पाच जणींनी एकदम मुठी वळून पाने फिरवले. साहेबांना कळलं नाही. मला ओरडून सांगावं लागलं. माझ्याच तोंडाने पत्ता दिला.

१५ मार्च

भावाने ग्रीसचा डबा आणून दिला. नवा कोरा, झाकणाची पट्टीही न फोडलेला. म्हणाला, मिस्त्रींनी दिलाय. ताईंकडचा संपलाय म्हणाले.

फळीवर आता दोन डबे.

भावजय म्हणाली, कुणाला फुलं येतात, वन्सं. तुम्हाला ग्रीस.

मला हसू आलं नाही. डबा पाठवायचा म्हणजे काय? मशीन नीट ठेवा आणि मला बोलावू नका? की मी फळीवर पाहिलं होतं, मला सगळं समजलंय? पहिलं असेल तर वाईट. दुसरं असेल तर त्याहून वाईट. आणि तिसरं काही असेल तर ते माणसाने तोंडाने सांगावं. डब्यावर कंपनीचं नाव आणि वापरायच्या सूचना. सूचना दोनदा वाचल्या. त्यांत काही नव्हतं.

उघडला नाही. जुन्यालाही हात लावला नाही.

२३ मार्च

आज जे झालं ते सरळ लिहिते.

घाईने आख्खं शेत खणलं. शेत तिचं नाही, कसायला घेतलेलं. मालकाला जमीन परत हवी आहे, त्यामुळे थोडं आता थोडं नंतर असं तिला करता येईना. मला विचारायला आली तेव्हा मी आजचा दिवस दिला होता. सकाळी शेडसमोर ढीग, माझ्या खांद्याएवढा. घाई ढिगाभोवती फिरत होती, प्रत्येकीला सांगत होती, चला चला, दुपारपर्यंत संपवू.

तिसऱ्या पोत्याला मशीन किंचाळलं आणि बसलं. पट्टा जळल्याचा वास सुटला. ड्रम हाताने फिरवून पाहिला. हलला नाही.

बायका माझ्याकडे बघत होत्या. या वेळी मला कपाळाला हात लावता आला नाही.

निरोप गेला. उलट निरोप आला: मिस्त्री कारखान्यात आहेत. मशीनांची चाचणी चालू आहे, माणसांना बाहेर सोडत नाहीत.

२४ मार्च

माळ्यावरच्या जुन्या हातकिसण्या काढल्या. बायका आल्या, कुणाला बोलवावं लागलं नाही. काही किसत होत्या, काही चकत्या पाडून पत्र्यावर वाळत टाकत होत्या. पत्रे संपले, मग चटया, मग चटयाही संपल्या. ढीग तेवढाच दिसत होता. आई सगळ्यांत पटापट किसत होती. डोळे मिटून. हाताला जुनी सवय.

घाई हळू किसत होती. तिला हळू काही करताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

माझी चार बोटं सोलली गेली. सोलली म्हणून बरं वाटलं. तेही लबाडीचंच.

२५ मार्च

ढिगाच्या तळाचा कंद मोडून पाहिला. निळ्या रेघा. दुसरा मोडला. निळ्या रेघा. मग मोडत बसायचं सोडलं. नाल्याकडच्या खड्ड्यात टाकला सगळा. वास घरापर्यंत येतो.

घाई म्हणाली, असू दे. मशीन काय मुद्दाम बंद पडतं का?

मी टोपली उचलून चालायला लागले.

२६ मार्च

मिस्त्री सकाळीच आले, परस्पर कारखान्यातून. अंगात निळा शर्ट, खिशावर कारखान्याची खूण शिवलेली. बेअरिंग स्वतः घेऊन आले होते. जुनं ठोकून ठोकून काढावं लागलं. जळून काळंनिळं झालेलं, आत ग्रीसचा थेंब नाही. ते तळहातावर घेऊन बघत राहिले. मग फळीकडे पाहिलं. दोन डबे. एकाची पट्टीही फोडलेली नाही.

घाई समोर उभी होती. बाकीच्याही होत्या. मला वाटलं, आता बोलतील. मी वाट बघत होते.

त्यांनी बेअरिंग फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जुनं झालं होतं. आज ना उद्या जाणारच होतं."

ज्या माणसाने कधी पत्र्याच्या जाडीबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला. मला खड्ड्यात जावंसं वाटलं, त्या कंदांबरोबर.

मी मोटरसायकलपर्यंत गेले. कुणी नव्हतं. ते पेटी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मशीनला उपाशी ठेवू नका, बाई. इतक्या जणींचं पोट आहे त्याच्यावर. मी हवा असेन तर निरोप पाठवा."

"काय म्हणून पाठवू?"

दोरीची गाठ बांधून झाली होती. त्यांनी सोडली आणि परत बांधली. "ते मला कसं ठाऊक असणार?" म्हणाले.

गेले. आज 'येतो' म्हणाले नाहीत.

२७ मार्च

घाईला माझ्या शेतावर घेऊन गेले. विहिरीकडचा तुकडा, दोन हंगाम खणलेला नाही. म्हटलं, खण. सगळा तुझा. मशीनवर उद्या पहिला नंबर तुझाच.

ती म्हणाली, मला कशाला?

म्हटलं, मशीन माझं आहे ना.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. घाई थांबली की भीती वाटते. मग तिने हळूच मूठ वळली, पाना फिरवल्यासारखी फिरवली आणि भुवया उंचावल्या. विचारत होती.

मी मान हलवली. हो.

वाटलं, आता कुदळ माझ्या अंगावर टाकेल. टाकली नाही. शेतात उतरली, पहिलं झाड धरून हलवलं, बुंध्याशी दोन घाव घातले. खणता खणता म्हणाली, "अगं बये, मग त्याला नुसतं जेवायला थांबवायचंस! माझं शेत कशाला नासवलंस?"

मी दुसरी कुदळ घेतली. निघताना म्हणाली, दुसरीकडे बोलणार नाही मी. पण परत असं केलंस तर तुझ्या आईला सांगेन, आणि तुझी आई कुजबुजेल.

२८ मार्च

ग्रीस लावलं. आधी जुना डबा संपवणार. नवा ठेवलाय.

९ एप्रिल

मशीन चांगलं चाललं.

१६ एप्रिल

चांगलं चाललं.

२१ एप्रिल

भाऊ जेवायला आला होता. पोळीचा तुकडा हातात घेऊन बसला, खाईना, तेव्हाच ओळखलं की काहीतरी मागायला आलाय. म्हणाला, कारखान्याला पुलाच्या अलीकडे वजनकाटा बसवायला जागा हवी आहे. आपली शेड त्यांना सोयीची आहे. "ताई, तू किती वर्षं हे ओढणार? आणि कुणासाठी?"

आईने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, भाजी वाढ म्हणतोय.

उठताना बोलण्याच्या ओघात सांगून गेला की मिस्त्रींना कारखान्याने कायम केलं. आता गावोगाव फिरायला नको, एका जागी पगार. चांगलं झालं त्या माणसाचं, म्हणाला.

चांगलंच झालं. उन्हात मोटरसायकल हाकत कुणाकुणाची मशीनं दुरुस्त करायची, हे काय वय आहे? असं आईला ओरडून सांगितलं. दोनदा.

४ मे

काय निरोप पाठवावा याचा विचार करत सोलत होते.

पट्टा सैल वाटतो. — खोटं, पट्टा ताठ आहे.

पत्रा फार दिवस टिकणार नाही. — टिकेल. त्यांनी बसवलाय.

आई आठवण काढते. — काढते. पण आईला कशाला मध्ये घालायचं?

मशीन चांगलं चाललं आहे. — हा खरा. पण मशीन चांगलं चाललं आहे असा निरोप कुणी मिस्त्रीला पाठवतं का?

भावजय म्हणाली, वन्सं, साल जाड निघतेय, लक्ष कुठेय? पाहिलं तर निम्मा कंद सालीतच गेला होता.

१९ मे

ट्रक यायला लागले. मोठ्या शेतांवरून भरून नेतात, एका दिवसात सगळं शेत मोकळं. ज्यांची जमीन मोठी त्यांना हे सोयीचं आहे, मी नाही म्हणणार नाही. शेडमध्ये गर्दी निम्म्यावर आली. राहिल्या त्या परसात चार झाडं असलेल्या, बांधावर लावणाऱ्या, लागेल तशी एकेक टोपली खणणाऱ्या. एका टोपलीसाठी ट्रक थांबत नाही. आणि त्यांनाही सगळं एकदम खणून चालत नाही. जमिनीत राहिलेला कंद हीच त्यांची कोठी.

भावाला सांगितलं, शेड देणार नाही. तो म्हणाला, पुन्हा विचारतो, कुणासाठी? या वेळी मला उत्तर देता आलं. त्या एका टोपलीवाल्यांसाठी. खरं उत्तर होतं ते. पण खऱ्याच्या खाली आणखी एक खरं असतं. मशीन विकलं तर ज्याच्यासाठी निरोप पाठवता येईल असं माझ्याकडे काहीच राहणार नाही.

२३ मे

भावजय कारखान्यात लागली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर मला राग आला असता. तिचे डोळे पांढरे दिसायला लागले आहेत, इतके छान डोळे आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. भट्टीवर आता मी.

आज संध्याकाळी आली. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं, आणि मी विचारायची वाट बघत बसली. मी विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली. तिकडची मशीनं स्वतःच बोलतात, वन्सं. काही बिघडलं की लाल दिवा लागतो. मिस्त्रींना ऐकायला काही उरलेलं नाही. खुर्चीवर बसून दिव्यांकडे बघतात.

मी चाळत होते. चाळत राहिले.

"तुमचं विचारलं त्यांनी."

चाळणी थांबली.

"म्हणजे, मशीनचं विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत आहे, कुरकुरसुद्धा नाही. एवढं चांगलं सांगितलं तरी माणसाचा चेहरा का पडावा?"

मूर्ख आहे ती. की अजिबात नाही.

२७ मे

जुना डबा संपला. नव्याची पट्टी फोडली. वासही वेगळा आहे. बोटाने काढलं, लावलं. बोट बराच वेळ पुसलं नाही.

३० मे

इंजिन चालू असताना साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. वाळू नाही. एकसारखा, लांबून पाणी वाहत असावं तसा आवाज. चांगल्या मशीनचा.

डोळे उघडले तर आई सोलायचं थांबवून माझ्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला आणि माझा कान पुसला. ग्रीस लागलं होतं.

३ जून

एका टोपलीत खडा दिसला. कंदाच्या मातीत लपलेला, अंड्याएवढा. टोपली माझ्याच हातात होती, ड्रमच्या तोंडाशी. आज काम थोडंच होतं, पत्रा गेला असता तर कुणाचं फार नुकसान झालं नसतं. चकत्या करून वाळवता आल्या असत्या. ऊनही चांगलं होतं. आणि खडा मी टाकलेला नव्हता.

एवढा सगळा हिशोब मी केला. टोपली हातात धरून.

मग खडा काढला आणि रस्त्यापलीकडे फेकला. घाई बघत होती. तिने काही खूण केली नाही. सोलायला लागली.

५ जून

मशीन चांगलं चाललं. निरोप पाठवणार नाही. काय म्हणून ते मला सापडलं नाही, आणि त्यांनाही सापडलं नसावं. दोघांचं वय झालं, सापडायला हवं होतं.

नाही सापडलं तरी उद्या टोपल्या येणारच आहेत.

११ जून

तो आला. मी निरोप पाठवला नव्हता. कामाचा दिवस, बायका सोलत होत्या, मशीन चालू होतं. मोटरसायकल सावलीत लावून दारात उभा राहिला, काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही.

मी इंजिन बंद केलं.